रोज पाव फेरा

रात्री साडेआठ वाजले, की आमच्या घरी एक कार्यक्रम असायचा. नऊ वर्षांची लेक सतरंजीवर उताणी व्हायची, तिचे बाबा मोबाइलचा उजेड तिच्या तोंडात पाडायचे आणि मी तिच्या टाळूवर बसवलेल्या स्क्रूचं इवलंसं भोक शोधायचे. किल्ली म्हणजे स्टीलच्या तारेचा एक आकडा. चुकून घशात जाऊ नये म्हणून तिला दोरा बांधलेला, आणि तो दोरा माझ्या बोटाला गुंडाळलेला. किल्ली पुढच्या दातांकडून घशाच्या दिशेनं ढकलायची, पुढचं भोक दिसलं की थांबायचं. झाला पाव फेरा. म्हणजे पाव मिलिमीटर. तेवढ्या तेवढ्यानं तिचा अरुंद वरचा जबडा रुंद व्हायचा होता!

डब्याचं झाकण जसं डब्याच्या बाहेरून बसतं, तसे वरचे दात खालच्या दातांच्या जरा बाहेरून बसायला हवेत. हिचं उलटं होतं. उजवीकडच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत जायच्या आणि भाकरी चावताना हनुवटी एका बाजूला सरकायची. सातव्या वर्षीच माझ्या हे लक्षात आलं होतं. तेव्हा दाखवलं, तर 'दुधाचे दात पडू द्या, मग बघू' असा सल्ला मिळाला. ऐकायला गोड सल्ला. आम्ही दोन वर्षं निवांत बसलो. आता वाटतं, त्याच वेळी आणखी एका ठिकाणी विचारायला हवं होतं.

सासूबाईंचं तर वेगळंच. ''अगं, पोरीचं लगीन जमायच्या टायमाला लावू की तारा. आत्ताच कशाला लेकराच्या तोंडात लोखंड?'' त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणू? आमच्या उमरग्यात काय आणि मोठ्या शहरांत काय, मुलीचे वेडेवाकडे दात आठवतात ते स्थळं यायला लागल्यावरच. वाकडे दात त्या वयातही सरळ होतात. पण जबड्याचं हाड काही मुहूर्त बघून थांबत नाही.

उमरग्याहून किल्लारी, औसा करत आम्ही लातूरच्या दंत महाविद्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. वरचा जबडा जन्मतः दोन भागांचा असतो आणि टाळूच्या मधोमध त्यांची शिवण असते. लहानपणी ती सैल असते, वयात येताना घट्ट होत जाते. कुणाची पंधराव्या वर्षी, कुणाची आणखी उशिरा, प्रत्येकाचं वेगळं. सैल आहे तोवर स्क्रूच्या नेटानं दोन्ही भाग बाजूला सरकतात आणि मधल्या जागेत नवं हाड भरतं.

परतीच्या एसटीत मला एकदम जाणवलं, की आपल्या भाषेत बाळाच्या डोक्यावरच्या मऊ जागेला टाळू म्हणतात आणि तोंडातल्या छतालाही टाळूच. एक आजीनं तेल घालून भरायची, साधारण दीड वर्षात मिटणारी. दुसरी तोंडातली, कुणाला न दिसणारी. दोन्हीकडे गोष्ट तीच, हाडं अजून जुळायची असतात! सासूबाईंना हे असं सांगितलं तेव्हा कुठे पटलं. एरवी हाड फाकवणार म्हटल्यावर त्यांच्या अंगावर काटाच आला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर आमच्या भागात 'भेग' हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही.

हे काही आजचं शास्त्र नव्हे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. एंजेल यांनी १८६० साली साडेचौदा वर्षांच्या एका मुलीच्या तोंडात असाच स्क्रू बसवला होता. दोन आठवड्यांत तिच्या पुढच्या दातांमध्ये फट पडली. जबडा खरोखर दुभागला, यावर त्यांच्या व्यवसायबंधूंचा विश्वास बसेना. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, तेव्हा दाखवायचं तरी काय? पुढे डॉ. हास यांनी १९६१ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि ही पद्धत पुन्हा मार्गी लागली.

जबडा अरुंद का होतो? काही अंशी घराण्यातूनच येतं. अंगठा चोखण्याची सवय लांबली तरी होतं. आणि नाक चोंदलेलं मूल तोंड उघडं ठेवतं, तेव्हा जीभ टाळूला टेकायची सोडून खाली पडते. आतून आधार नाही आणि बाहेरून गालांचा दाब, मग टाळू उंच आणि चिंचोळी होत जाते. म्हणून बाईंनी आम्हाला आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे धाडलं. टाळू म्हणजेच नाकाची जमीन, त्यामुळे जबडा रुंदावला की नाकातली वाट थोडी मोकळी होते. पण 'घोरणं यानं थांबेलच असं धरून चालू नका,' हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला तो स्पष्टपणा आवडला.

सुरुवातीचे दिवस अवघड गेले. लाळ गळायची, शेंगदाण्याची चटणी स्क्रूत अडकून बसायची, चिक्की तर बंदच. किल्ली फिरवली की नाकाच्या मुळाशी दाब यायचा आणि पाच-दहा मिनिटांत ओसरायचा. तिला खरा त्रास झाला तो 'ळ'चा. जीभ वर वळवायला जागाच नाही! तुळजापूरचं तुलजापूर झालं, नळदुर्गचं नलदुर्ग. वर्गात पोरं हसली, तेव्हा ती घरी येऊन रडली. आजीनं मग तिला रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचायला बसवलं. पंधरवड्यात ळ परत आला.

आठव्या दिवशी पुढच्या दोन दातांत फट दिसली. बाईंनी आधीच सांगितलं होतं, तरी पोटात गोळा आला. तिसऱ्या आठवड्यात तर तिथून आगपेटीची काडी गेली असती. आम्ही चोवीस फेरे दिले, म्हणजे सहा मिलिमीटर. मग स्क्रू पक्का बंद केला. हिरडीतले तंतू दातांना जवळ ओढतात, त्यामुळे ती फट आपोआप मिटत गेली. मात्र आत हाड भरेपर्यंत स्क्रू सहा महिने तसाच ठेवला. तो आधी काढला असता तर जबडा परत आकसला असता.

याच काळात माझ्या नणंदेची मुलगी आली होती. वय तेवीस, लग्न ठरलेलं. जबडा तसाच अरुंद. तिची शिवण घट्ट झाली होती. नुसता दाढांवर बसवलेला स्क्रू दाढाच बाहेर कलवतो. तिच्यापुढे वाटा दोन: शस्त्रक्रिया, किंवा टाळूच्या हाडातच बारीक स्क्रू रोवून त्यावर यंत्र बसवायचं, आणि दुसऱ्या वाटेनं या वयात यश येईलच याची खात्री नाही. लग्नाला चार महिने राहिलेले. तिनं पुढचे दात तेवढे ओळीत आणून घेतले. सासूबाई तिच्याकडे बराच वेळ बघत होत्या, बोलल्या मात्र काही नाहीत.

लेकीचा स्क्रू निघाला तेव्हा तिनं आरशासमोर उभं राहून दहादा 'काळीभोर वेळ' असं काहीतरी म्हणून पाहिलं. उजव्या दाढा आता झाकणासारख्या बाहेरून बसतात. रात्री तोंड अजून अधूनमधून उघडंच असतं. तारा लावायच्या त्या राहिलेले दुधाचे दात पडल्यावर. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. किल्ली मी देवघराच्या कोनाड्यात, दोऱ्यासकट ठेवली आहे.