नटसम्राट आणि रुपेरी पडदा

आमच्या औशात नाट्यसंगीताचे शौकीन जमले, की एक जुना वाद हटकून निघतो. ज्या बालगंधर्वांनी तीस वर्षे रंगभूमी गाजविली, त्यांचा १९३५ सालचा 'धर्मात्मा' हा बोलपट अपेक्षेप्रमाणे का चालला नाही? निर्मिती 'प्रभात'ची, दिग्दर्शन शांतारामांचे, कथा तर आपल्या पैठणच्या नाथमहाराजांची. मग उणे कोठे पडले?

एक पक्ष म्हणतो, शकुंतला, भामिनी व सिंधू यांच्या रूपाने मनात वसलेली मूर्ती पुरुषवेषात लोकांस रुचली नाही. हे खरे मानले, तर १९३७ सालच्या 'साध्वी मीराबाई'त स्त्रीवेष असूनही यश का आले नाही? दुसरा पक्ष वयाकडे बोट दाखवितो. पन्नाशीकडे झुकलेले वय दूरच्या रंगमंचावर झाकते, कॅमेऱ्यापुढे झाकत नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही.

आमच्या मते खरे कारण गायनातच आहे. नाटकात 'वन्समोअर' येई आणि तेच पद नव्या ताना घेऊन पुन्हा उभे राही. गाणे श्रोत्यांच्या दादेवर वाढत असे. बोलपटात पदाची मिनिटे आधीच मोजलेली, आणि समोर दाद देणारे कोणी नाही. औशाच्या नाथ संस्थानचे चक्री भजन ज्यांनी प्रत्यक्ष ऐकले आहे, त्यांस याहून अधिक सांगणे नलगे. अशा कलावंताचे अपयश मोजताना आपण त्याची कला मोजतो की यंत्राची मर्यादा, याचा विचार वाद घालणाऱ्यांनी अवश्य करावा.