कुटी पाहिलीत, शिंदी पाहिलीत का?

सेवाग्रामला आलेला पाहुणा बापू कुटीत डोकावतो, बापूंनी लावलेल्या पिंपळाखाली फोटो काढतो आणि पवनारच्या वाटेला लागतो. कुटी कशाकशाची बांधली आहे, हे मात्र फारसे कोणी निरखत नाही. माती, बांबू, शिंदीच्या पानांचे विणकाम, वर कवेलू. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी इथे आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. घर बांधायचे ते आसपासच्या साहित्यातून आणि गावच्या कारागिरांकडून, ही त्यांची अट. त्यांच्या शिष्या मीराबेन यांनी ती पाळली. वर मातीच्या भिंतीवर ताडाची झाडेही उठवली. त्या काळी वर्धेच्या खोऱ्यात काय उगवत होते, ते या भिंतींतच सापडते.

शिंदी नाल्याकाठची, सखल ओलीतली. झावळीच्या बुडाशी सुईसारखे काटे. हात घालताना जपावे लागते. पानांच्या चटया आणि झाडण्या होतात. खोडाला खाच मारली की पहाटे नीरा मिळते आणि ती आटवून गूळ. हा ग्रामोद्योग गांधीजींच्या खास आवडीचा. शिंदी काही धोक्यातली जात नाही. पण जेसीबीने नाला सरळ केला, बांध सोयाबीनच्या तासांत गेला, की त्या शिवारापुरती ती संपलीच. तिची नोंद कोण ठेवणार?

सर्पगंधेची नोंद आहे. रक्तदाबासाठी गांधीजी सर्पगंधा घेत. 1949 मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये तिच्यावर लिहिले, 1952 मध्ये मुळीतून रेसर्पिन वेगळे झाले आणि जगभरातून मागणी सुरू झाली. औषध मुळात, म्हणजे झुडूप उपटल्याशिवाय ते हाती येत नाही. जंगलातली सर्पगंधा अशीच उपसली गेली. आता तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीव-व्यापार कराराचे बंधन आहे.

जंगलातून आता नदीकाठी येऊ. पवनारला, जिथे 12 फेब्रुवारी 1948 रोजी गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या, तिथून धाम नदी पुढे वणेला मिळते, वणा वर्धेला, आणि हे पाणी प्राणहितेतून गोदावरीत जाते. अशा नद्यांचे काठ धरून ठेवणारी झाडे म्हणजे कहू (अर्जुन), करंज, जांभूळ, उंबर. त्यांची जागा रिकामी झाली की तिथे बेशरम माजते. हे परदेशातून आलेले झुडूप, गुरेही त्याला तोंड लावत नाहीत.

2020 मध्ये वर्धा–सेवाग्राम रस्ता रुंद करण्यासाठी जुनी झाडे तोडली जाऊ लागली, तेव्हा वर्धेकर विरोधात उभे राहिले. रस्त्याकडेचे झाड निदान येता-जाता दिसते. नाल्यातल्या शिंदीसाठी कोणी निवेदन देत नाही. वृक्षारोपणात गुलमोहराची रोपे वाटणाऱ्या ग्रामपंचायतींना एवढेच सांगणे आहे: येत्या पावसाळ्यात नदीकाठी कहू आणि करंज लावा, आणि नाल्यात उभी असलेली शिंदी तोडू नका.