भातगिरणीची दोन दारं

"मामा, टेप खांबाला धर. हलू नकोस."

रायपूरच्या भनपुरीतल्या एका बंद भातगिरणीत मी खांब होऊन उभा आहे. बाहेर ट्रक तोलायच्या धर्मकाट्यावर गवत माजलंय, आत कोंड्याचा खवट वास अजून गेलेला नाही. भाची वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय: जुन्या गिरणीचं कुटुंब न्यायालय. सगळं कागदावरच, पण मापं खरी हवीत.

मी टाळी वाजवतो. आवाज छताला आपटून दणकत परत येतो. 1984 चा कुटुंब न्यायालय कायदा म्हणतो, आधी समेटाचा प्रयत्न करा; वकील मिळणं हा पक्षकाराचा हक्क नाही; आणि एका बाजूनं मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड. म्हणजे नवराबायकोनं स्वतःच बोलायचं. या पत्र्यांखाली, आषाढात? वर अ‍ॅस्बेस्टॉस आहे. ते फोडायचं नाही, ओलं करून, बोल्ट काढून एकेक पत्रा अख्खा उतरवायचा, असं ती मला बजावते. जणू मी आत्ताच शिडी लावणार आहे.

उकड्या तांदळासाठी धान भिजवायचे हौद मागच्या अंगाला आहेत. तिथं ती समुपदेशकांच्या खोल्या आखते. भिंती जाड आहेत, उजेड मात्र वरून पाडून घ्यावा लागेल.

मग ती मला दारं दाखवते. धान पूर्वेकडून यायचं, तांदूळ पश्चिमेकडून ट्रकात चढायचा. दोन रस्ते, दोन फाटकं, मध्ये लांबलचक शेड. "सासरचे इकडून, माहेरचे तिकडून. एका बाकावर बसून तीन तास एकमेकांकडे बघायला नको." अख्ख्या आराखड्यात मला हीच गोष्ट सर्वांत शहाणी वाटते. कोर्टातली निम्मी भांडणं बहुधा व्हरांड्यातच होत असावीत.

चौकीदार जवळ येतो. "अब इहां का बनही?"

"कचहरी."

"त धान कहां सुखाही?"

ज्या फरशीवर धान वाळायचं, तिथं तिनं वाहनतळ काढलाय. मी म्हणतो, आईबापांपैकी एकालाच ठरल्या वेळी भेटणारी मुलं इथं खेळू देत, गाड्या रस्त्यापाशी थांबव.

"रस्त्यापाशी जागा नाही, मामा."

"मग धर्मकाटा काढ."

"तो नाही काढायचा!" ती टेप गुंडाळत फाटकाकडे निघते, तिथलंही माप घ्यायला.