चार-सहा आठवड्यांचं माहेरपण

पहिलं पिल्लू पदरात गुंडाळून मी दारात उभी राहिले, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "माय व! आता हे किती दिवस?"

मैत्रिणींनो, तेव्हा मला तो प्रश्न बोचला होता. आज वाटतं, ह्या कामात सर्वांत आधी विचारायला हवा तो हाच. कारण मी सांगणार आहे ते कुत्रं-मांजर पाळण्याबद्दल नाही, सांभाळून परत देण्याबद्दल आहे. रस्त्यावर सापडलेली, निवाऱ्यात आणून ठेवलेली पिल्लं काही आठवडे आपल्या घरी ठेवायची, धट्टीकट्टी करायची आणि कायमचं घर मिळालं की त्यांची पाठवणी करायची. मुंबई-पुण्याकडच्या संस्था ह्याला 'फॉस्टरिंग' म्हणतात. मला आपला माहेरपण हाच शब्द बरा वाटतो.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "ही नवी फॅशन दिसते." फॅशन कसली? पांजरापोळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गाईगुरं येतात. पण मुंबईचा पांजरापोळ १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी काढला, त्याला निमित्त भटकी कुत्रीच होती. इंग्रज सरकार ती मारत सुटलं, म्हणून १८३२ साली पारशी मंडळींनी मुंबईत चक्क दंगा केला होता!

तुम्ही म्हणाल, निवारा आहे ना, मग आपलं घर कशाला? निवारा कितीही चांगला असला तरी तिथे अनेक जनावरं एकत्र असतात. पिल्लाला पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर मिळते. मग दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, असं सोळा आठवड्यांपर्यंत चालतं. तोवर त्याच्या अंगात पुरती ताकद नसते. पार्व्हो नावाचा रोग लागला, तर उलट्या आणि रक्ताची हगवण होऊन दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जातं. शिवाय तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू माणसांत राहायला शिकतं. मिक्सरचा आवाज, दारावरची बेल, केरसुणी, रडणारं मूल ह्या सगळ्याची ओळख तेव्हाच व्हायला हवी. पिंजऱ्यात ती कुठून होणार? आणि भेदरट कुत्रं नंतर कोणी घरी नेत नाही.

मोठ्या कुत्र्यांची गोष्ट वेगळी. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी करून, रेबीजची लस टोचून त्यांना मूळच्या जागी सोडायचं असतं. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणची कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितली. निवाऱ्यातली जागा आणखी अपुरी पडणार, ती अशी.

आता माझी चूक सांगते. ऐन मे महिना. जळगावचा उन्हाळा तुम्हांला ठाऊकच आहे. मांजरीची तीन पिल्लं आली, डोळेसुद्धा न उघडलेली. रात्री मी कूलरसमोर बसले, एकेकाला तान्ह्या बाळासारखं मांडीवर उताणं घेतलं आणि ड्रॉपरने गाईचं दूध पाजलं. केवढं समाधान वाटलं होतं! सकाळी एक गार पडलं होतं. बाकीच्या दोघांना जुलाब.

डॉक्टर रागावले नाहीत, पण माझी प्रत्येक गोष्ट चुकली होती. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आधी ऊब द्यायची, मग दूध. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश असले तरी कूलरच्या झोतात एवढासा जीव गारठतो. पाजताना पिल्लू पोटावर हवं, उताणं नको, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. गाईच्या दुधाने पोट बिघडतं. मांजराच्या पिल्लांची वेगळी दूध पावडर जनावरांच्या औषधांच्या दुकानात मागायची. दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. आणि पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने खालचा भाग हलकेच पुसायचा. तीन आठवड्यांपर्यंत आपली आपण शी-शू त्यांना जमत नाही, आई चाटून करवते. माझी शाळा अर्ध्या दिवसाची, तेवढ्या वेळात हे सगळं सासूबाईंनी केलं. 'किती दिवस' विचारणाऱ्या त्याच! ती दोन जगली. तिसरं परसातल्या जास्वंदीखाली आहे.

घरातल्या काही गोष्टी आधीच उचलून ठेवा. फिनेल मांजराला विषारी. फरशीवरचं पायाला लागतं आणि पाय ते चाटतं. तापावरची पॅरासिटामॉल मांजराला कधीच देऊ नका, एका गोळीनेही जीव जातो. कांदा-लसूण दोघांनाही वाईट, तेव्हा आपल्या शेवभाजीचा रस्सा नकोच. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट कुत्र्याला वर्ज्य. घरात कोणी गरोदर असेल तर मांजराची घाण तिने काढू नये. पिल्लू कितीही लहान असो, चावलं किंवा ओरखडलं तर हळद-चुना न लावता साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. ह्यात "बघू उद्या" नाही.

आणि पिल्लू घेण्याआधी देणाऱ्यांशी स्पष्ट बोलून घ्या. डॉक्टरचा खर्च कोणाचा, रात्री फोन कोणाला करायचा, घर मिळालं नाही तर परत कधी नेणार. मी पहिल्यांदा भिडेपोटी विचारलं नाही आणि वाणसामानाच्या पैशांतून औषधं आणली. घरचेही काही बोलले नाहीत, पण ते बरं नव्हे.

सगळ्यांत अवघड असते ती पाठवणी. ठिपकी नावाचं कुत्रीचं पिल्लू आमच्याकडे पाच आठवडे होतं. धुळ्याच्या एका कुटुंबाने मागितलं. रात्री कुठे झोपवणार, गावाला गेलात तर कोण बघणार, नसबंदी करणार ना, असं मी मुलगी द्यावी तसं खोदून विचारलं. त्यांनी न चिडता उत्तरं दिली. आदल्या रात्री आमची धाकटी जेवली नाही. हे म्हणाले, "ठेवून घेऊ या का?" खरं सांगते, 'हो' ओठांवर आलं होतं. पण निवाऱ्यात आणखी दोन पिल्लं आमच्याच घराची वाट बघत होती. ठिपकी राहिली असती तर दार त्यांना बंद.

एरंडोल मागे पडलं, पारोळ्याला तिला गाडीत उलटी झाली. धुळ्याला पोचल्यावर तिच्या अंथरुणाचा, माझ्या जुन्या पातळाचा तुकडा त्यांच्याकडे दिला, वास ओळखीचा राहतो म्हणून. परत येताना रिकामा टब धाकटीने मांडीवर धरला होता.

आठवड्याने फोन आला. मिक्सर लागला की ठिपकी खुशाल ओट्याखाली येऊन बसते म्हणे. मी सासूबाईंना सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "बरं झालं. तो टब ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन उन्हात टाकलास का? ती दोघं कधी यायची आहेत?"