माहिती चौकट : पाणी नेमकं कुठे मुरतं?

पुनर्भरण क्षेत्र : पावसाचं पाणी जिथून जमिनीत उतरून भूजलाला मिळतं तो भाग. तो विहिरीपासून दूर, कधी शेजारच्या गावाच्या माळावरही असतो.

पाणलोटाचे तीन भाग
- अपधाव क्षेत्र : तीव्र उतार, उघडा खडक; पाणी वाहून जातं.
- पुनर्भरण क्षेत्र : मध्यम उतार, मुरमाड जमीन, पाणी मुरतं.
- साठवण क्षेत्र : सखल भाग, जाड माती, बहुतेक विहिरी इथेच.

खडक : महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसॉल्टचा. विहिरीच्या कडेला थर दिसतात : माती, मुरूम, मांजऱ्या खडक, खाली काळा पाषाण. मुरूम आणि भेगाळ खडक पाणी धरतात. अखंड पाषाण अडवतो.

वेगळी जागा : जळगाव जिल्ह्यातील यावल-रावेर पट्टा. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांच्या जाड थरांत नाल्यांचं पाणी झपाट्याने मुरतं.

पुनर्भरण क्षेत्राच्या नकाशात काय पाहतात? खडकाचा प्रकार, भेगांची दिशा, उतार, मातीची जाडी, जमिनीचा वापर, विहिरींची पातळी.

आधी कोणती जागा राखायची? मुरण्याची क्षमता जास्त, खाली पाण्यासाठी अवलंबून गावं आणि बांधकाम, खाणकाम किंवा सांडपाण्याचा धोका, हे तिन्ही एकत्र असतील ती.

उपशाची वर्गवारी (वार्षिक उपलब्ध भूजलाच्या तुलनेत)
- ७० टक्क्यांपर्यंत : सुरक्षित
- ७० ते ९० : अंशतः शोषित
- ९० ते १०० : शोषित
- १०० च्या वर : अतिशोषित

कायदा : महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९.