एसी हायवेवर गार, सिग्नलवर गरम? गॅस भरण्याआधी गाडीचा फॅन बघा

मे महिन्यातली दुपार, बाहेर ४४ अंश. आजीला हृदयाच्या तपासणीसाठी अकोल्याहून नागपूरला नेत होतो. गाडी २०११ची, पेट्रोल हॅचबॅक. मूर्तिजापूर, बडनेरा मागे पडले तोवर एसी ठीक चालला. नागपूरच्या अलीकडे टोलनाक्यावर रांगेत अडकलो आणि पाच मिनिटांत जाळीतून गरम वाफा यायला लागल्या. ७८ वर्षांच्या आजीला गरगरायला लागले. काचा उघडल्या, तिच्या डोक्यावर ओला टॉवेल ठेवला आणि कसेबसे पोहोचलो.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोनदा गॅस भरून घेतला होता. दर वेळी दोन हजारांच्या आसपास गेले आणि दर वेळी गॅरेजवाल्याने संध्याकाळी सात वाजता ‘बघा, कसा बर्फ झालाय’ म्हणून दाखवले. संध्याकाळी सातला बर्फ होणारच होता. तिसऱ्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी मीटर लावण्याआधी एकच प्रश्न विचारला, ‘उभ्या गाडीत गरम होतो की चालत्या गाडीतही?’

जुन्या गाडीच्या एसीचा अर्धा निकाल या प्रश्नात लागतो. तो का, हे समजून घेऊ.

गॅस ‘संपत’ नाही

पेट्रोल जळते, तसा एसीचा गॅस खर्च होत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच गॅस फिरत राहतो. केबिनमधल्या कूलिंग कॉइलमध्ये तो उष्णता शोषून घेतो आणि गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये ती बाहेर टाकतो. वर्षानुवर्षांत रबरी पाइपांतून थोडासा झिरपतो, ते मान्य. पण महिन्याभरात एसी ढिला पडला तर गॅस गळतोय किंवा मुळात दुखणे गॅसचे नाहीच.

उष्णता गरमाकडून गाराकडेच जाते. बाहेर ४५ अंश असताना कंडेन्सरला उष्णता टाकायची असेल, तर आतला गॅस त्याहून बराच गरम, साधारण ६० अंशांवर असावा लागतो. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत असलेला आर-१३४ए हा गॅस ६० अंशांना द्रवरूप होतो, तेव्हा त्याचा दाब सुमारे २३० पीएसआय असतो. म्हणजे विदर्भातल्या उन्हात गाडीचा एसी एरवीच जोर लावून चालत असतो. त्यात कंडेन्सरवरून वाहणारी हवा कमी पडली की दाब आणखी चढतो, केबिन गार होणे कमी होते आणि शेवटी प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. हायवेवर ८०च्या वेगाने हवा आपोआप मिळते. सिग्नलवर सगळी भिस्त फॅनवर.

पेपरचे पान आणि पाण्याची धार

तपासणी घरी करता येते. इंजिन चालू करून एसी पूर्ण लावा आणि बॉनेट उघडा. बहुतेक जुन्या गाड्यांत कॉम्प्रेसर ‘टक्’ आवाज करून लागला की फॅनही सुरू होतो. फिरतोय एवढ्यावर समाधान मानू नका, ओढ बघा. पेपरचे पान समोरच्या जाळीला लावा, ते चिकटून राहायला हवे. गळून पडले तर फॅनची मोटर मंदावली असेल, रिले किंवा वायरिंगमध्ये गडबड असेल, नाहीतर कंडेन्सर मातीने बुजला असेल. फॅनजवळ हात, ओढणी, उपरणे नेऊ नका. तो कधीही अचानक सुरू होतो.

दुसरी चाचणी आणखी सोपी. गाडी उभी, एसी चालू. बागेच्या पाइपने कंडेन्सरवर हलकी धार सोडा. एक-दोन मिनिटांत आतली हवा लक्षणीय गार झाली, तर गॅसकडे जाण्याआधी कंडेन्सर आणि फॅनकडे जा.

कंडेन्सर धुताना वॉशिंग सेंटरचा प्रेशर जेट जवळून मारू देऊ नका, अॅल्युमिनियमच्या पातळ पापण्या मुडपतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. साधे पाणी, शक्य असेल तर आतून बाहेरच्या दिशेने. आमच्या कंडेन्सरमधून निघालेला कापूस, किडे आणि काळी माती पाहून बाबा म्हणाले, ‘यात तर तूर पेरता आली असती.’

जास्त गॅस म्हणजे जास्त गार नव्हे

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. प्रत्येक गाडीत किती ग्रॅम गॅस भरायचा, हे बॉनेटखालच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेले असते. छोट्या हॅचबॅकमध्ये ते साधारण ३५० ते ५०० ग्रॅमच्या आसपास असते. तरीही अनेक ठिकाणी पाइप हाताला गार लागेपर्यंत गॅस सोडतात. जादा गॅस द्रव होऊन कंडेन्सरमधली जागा अडवतो, दाब वाढतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. आमच्या गाडीच्या स्टिकरवर ४०० ग्रॅम होते. मशीनने गॅस काढून वजन केले तर ५२० निघाला. मंद फॅन आणि वरून जादा गॅस. दोनदा पैसे देऊन आम्ही दुखणे वाढवून घेतले होते.

गॅस खरोखर कमी असेल तर आधी गळती शोधायला सांगा. गॅससोबत थोडे तेलही बाहेर येते. त्यामुळे नळ्यांच्या जोडावर किंवा कंडेन्सरच्या कोपऱ्यात धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला, की संशय तिथेच. अनेकदा रबराची एक छोटी ओ-रिंग बदलून भागते. त्यानंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम आणि मग वजन करून गॅस, हा क्रम. व्हॅक्यूम टाळला तर आत राहिलेली हवा दाब वाढवते आणि ओलावा तेलात मिसळून आम्ल तयार करतो. जुना गॅस हवेत सोडून देणाऱ्या गॅरेजपासून लांब राहिलेले बरे. तापमानवाढीच्या बाबतीत हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट घातक आहे. आणि ‘स्वस्तातला गॅस’ कोणी सुचवला तर नको म्हणा, त्यात ज्वलनशील मिश्रण असू शकते.

हवा गार, पण येतच नाही

हे दुखणे वेगळे. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे केबिन फिल्टर असतो. तो काही शे रुपयांत मिळतो आणि पाच मिनिटांत बदलता येतो. काही जुन्या मॉडेलमध्ये फिल्टर नसतोच, तिथे धूळ थेट कूलिंग कॉइलवर बसते आणि डॅशबोर्ड खोलून ती धुवावी लागते. ब्लोअर फक्त चारवर चालतो, एक-दोन-तीनवर नाही, असे असेल तर बहुधा त्याचा रेझिस्टर गेलेला असतो. स्वस्त काम आहे.

हवा जोरात पण कोमट येत असेल तर हीटरचा फ्लॅपही बघून घ्या. केबल निसटली की गार हवेत इंजिनची ऊब मिसळत राहते.

एक सवय फुकटची आहे. उन्हात तापलेल्या गाडीच्या काचा उघडून दोन मिनिटे चालवा, मग काचा लावून आतलीच हवा फिरवणारे बटण दाबा. ते बंद असेल तर एसी दर क्षणी बाहेरची ४५ अंशांची हवा गार करत बसतो.

कॉम्प्रेसरच आतून झिजला असेल तर मात्र हिशेब बदलतो. धातूचा चुरा नळ्यांत पसरतो. नुसता कॉम्प्रेसर बदलून चालत नाही, ड्रायर बदलून नळ्याही साफ कराव्या लागतात. अशा वेळी खर्च आणि गाडीची किंमत शेजारी मांडूनच ठरवा.

आमच्याकडे फॅनची मोटर बदलली, कंडेन्सर धुतला, ४०० ग्रॅम गॅस मोजून भरला. पुढच्या महिन्यात आजी त्याच टोलनाक्यावर शाल मागत होती. बाबा आता दर रविवारी जाळीला पेपरचे पान लावून बघतात. पान पुरवणीचे घेतात, मुख्य अंक अजून वाचायचा असतो.