पवनेवरचा हिरवा कारखाना

थंडी सरली की चिंचवडला मोरया गोसावी मंदिराच्या घाटावरून पवनेचं पाणी अनेकदा दिसतच नाही. दिसते ती काठापासून काठापर्यंत पसरलेली जलपर्णी.

तिचा फुगीर देठ चिमटीत दाबला तर स्पंजासारखा दबतो. आत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांच्या जोरावर पानं तरंगतात आणि ऊन थेट अंगावर घेतात. पानातलं हरितद्रव्य मुख्यतः लाल आणि निळा प्रकाश शोषतं. त्या ऊर्जेनं पाण्याचा रेणू फुटतो, ऑक्सिजन सुटतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर तयार होते. हा ऑक्सिजन पाण्यातलाच असतो, हे रुबेन आणि केमेन या शास्त्रज्ञांनी १९४१ साली दाखवलं.

नुसत्या साखरेवर मात्र झाड वाढत नाही. प्रथिनांसाठी नायट्रोजन लागतो, शिवाय फॉस्फरस. चाकणचा कांदा उत्पादक त्यासाठी खताच्या गोण्या विकत आणतो. जलपर्णीला हे सारं शहराच्या सांडपाण्यातून फुकट मिळतं! पोषक पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते.

मग इतका ऑक्सिजन बनूनही नदी का गुदमरते? कारण पानांची रंध्रं हवेत उघडतात, ऑक्सिजन तिकडेच जातो. खाली अंधार. तिथल्या शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण थंडावतं, आणि कुजणारी पानं फस्त करणारे जिवाणू पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजनही संपवतात. फटका बसतो माशांना.

जलपर्णी काढण्याची कामं दरवर्षी निघतात. प्रक्रिया न केलेलं सांडपाणी नदीत येतंय, तोवर तो खर्च पाण्यातच जाणार.